तिसऱ्या खुंटीवरचा कप

१

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात पाऊल ठेवायचे, हा माझा नियम चार वर्षे अबाधित होता. घरापासून तेथपर्यंत दोनशे तीस पावले आहेत. मी आयुष्यभर पुस्तके बांधली. इतरांच्या पुस्तकांना पुठ्ठे चढवता चढवता ती वाचत गेलो आणि जे काही शिकलो ते असे शिकलो. चौथीनंतर शाळा मला दिसली नाही. तरीही त्या दुकानात सगळे मला मास्तर म्हणतात. मी दोनदा दुरुस्ती सुचवली. कोणी मनावर घेतली नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे मोठी काच, आत सहा टेबले, काउंटरवर एस्प्रेसोचे अवजड यंत्र आणि मागे कप धुण्याची छोटी खोली. भिंतीवर अकरा खुंट्या आहेत. रोजच्या गिऱ्हाइकांचे कप तेथे टांगलेले असतात आणि ज्याचा कप त्याखेरीज तो कोणाला मिळत नाही. माझा कप पांढरा, निळ्या काठाचा, खिडकीकडून तिसरा. दुकान चालवणारी कॉफीवाली तिशीची आहे, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिची कामाची रीत मला आरंभापासून आवडत आली. ओळखीचा माणूस रस्ता ओलांडताना काचेतून दिसला की ती त्याचा कप खुंटीवरून काढते आणि दाणे दळू लागते; माणूस दार ढकलतो तेव्हा कपात शेवटचा थेंब पडत असतो. कामात इतकी नेमकी वेळ साधणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

त्या मंगळवारी मी दार ढकलले तेव्हा दळण्याचा आवाज येत नव्हता. ती काउंटरवर कोपर टेकून माझ्याकडे पाहत हसत होती.

"बिनसाखरेची," मी म्हणालो. "नेहमीप्रमाणे."

"अजून एक?"

"अजून म्हणजे काय?"

"आत्ताच तर घेतलीत मास्तर. दहा मिनिटं पण नाही झाली." तिने हात लांबवून माझा कप काढला. "थांबा, पुसून देते. ओला आहे अजून."

थट्टा असावी असे समजून मी कप हातात घेतला. तो ओला होता. आणि ज्या कपात थोड्या वेळापूर्वी कोणी काही प्यायलेले असते, तसा तो बुडाशी कोमट होता.

२

मी विचारी माणूस आहे. निदान माझी तशी समजूत आहे. खिडकीशी बसून मी तीन शक्यता मांडल्या. एक, ही मुलगी माझी गंमत करीत आहे. दोन, तिने दुसऱ्या कोणाला माझा कप दिला आणि आता ती सारवासारव करीत आहे. तीन, माझी स्मृती मला सोडून जात आहे. पहिल्या दोन शक्यतांवर मी मनाशी बरीच भिस्त ठेवली होती. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला शिंपी आत आला. त्याने मला पाहिले आणि दाराची चौकट धरून तो हसू लागला.

"मास्तर, पोट दुखतंय अजून. तो टाय. काय राव तुम्ही पण."

"कोणता टाय?"

"बघा, चेहरा कसा ठेवतात. जसं काही सांगितलंच नाही." तो कॉफीवालीकडे वळला. "दोन तास वाकून उभा माणूस. आणि तसाच गिऱ्हाइकाला या बसा म्हणतोय."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

चाळीस वर्षांपूर्वी एका न्यायाधीशांचे जाड पुस्तक बांधताना माझ्या गळ्यातील टायचे टोक खळीत सापडून पुठ्ठा आणि अस्तर यांच्यामध्ये गेले. ते लक्षात येण्यापूर्वीच मी पुस्तक दाबयंत्रात घालून चक्र आवळले होते. खळ वाळायच्या आत दाब सोडला असता तर पुठ्ठा वाकडा झाला असता. म्हणून मी दोन तास यंत्रापुढे ओणवा उभा राहिलो. त्याच अवस्थेत एक गिऱ्हाईक आले, आणि मी त्याला बसावयास सांगितले. अखेर पत्नीने कात्रीने माझी सुटका केली. त्या न्यायाधीशांच्या पुस्तकात दोन बोटे लाल रेशीम अजूनही असेल. ही हकिगत मी कोणालाही सांगितलेली नाही. ती पत्नीला ठाऊक होती, आणि पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली.

मला एक मुलगी आहे. पुलापलीकडे राहते. तीही सहा वर्षांत माझ्याशी बोललेली नाही, आणि त्याचे कारण लपवण्यात अर्थ नाही. आईच्या मृत्यूनंतर तिला आईची एक वही सापडली. आमच्या मुलीचे बालपण तीत पानोपानी लिहिलेले होते. पाने सुटली होती, म्हणून तिने ती मला बांधावयास दिली. मी ती शिवली, आणि शिवल्यानंतर प्रत्येक पुस्तकाचे करतो तसे यंत्राखाली धरून तिन्ही बाजूंनी कापून तिच्या कडा सरळ केल्या. समासांत पत्नीने बारीक पेन्सिलीने शेकडो ओळी लिहिल्या होत्या. त्या कडांबरोबर गेल्या. मुलगी वही उघडून बराच वेळ पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, "कडा मात्र छान सरळ आल्यात, बाबा." त्यानंतर ती आली नाही.

तिने एकदा यावे, यापलीकडे मला आयुष्याकडून काही नको होते. ते मी कोणाजवळ बोललो नव्हतो. असल्या गोष्टी बोलण्याची मला सवय नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता गेलो. कप ओला होता. त्यानंतरच्या दिवशी पावणेआठला. कप ओला होता, आणि खिडकीजवळची माझी खुर्ची बसताच उबदार लागली.

तिसऱ्या शक्यतेचा निकाल लावणे भाग होते. दुकानात एक निवृत्त परिचारिका येतात. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. गुडघे सांभाळत त्या माझ्या टेबलाशी आल्या, आणि मी विचारण्यापूर्वीच त्यांनी विषय काढला. कॉफीवालीने त्यांच्या कानावर घातले असावे.

"मास्तर, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"शंभरातून सात सात वजा करत जा बरं."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न..."

"पुरे. मी शहाऐंशीलाच अडकते." त्यांनी माझ्या हातावर थोपटले. "तुमचं डोकं ठणठणीत आहे. तुम्ही आताशा खुशीत असता ना, त्यामुळं होत असेल. दोन वेळा यावंसं वाटलं, आलात. त्यात काय?"

मी खुशीत असतो, हे मला नवीन होते.

घरी जाऊन मी खळ शिजवली. दार आतून लावून घेतल्यावर पातळ कागदाची एक पट्टी दारावर आणि चौकटीवर अशी चिकटवली की दार बोटभर उघडले तरी ती फाटावी. पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या पट्टीवर अविश्वास दाखवता येत नाही. सकाळी साडेसातला मी ती तपासली. ती अखंड होती. ती स्वतःच्या हाताने फाडून मी रस्त्यावर आलो आणि दोनशे तीस पावले चाललो.

कप ओला होता.

आणखी लवकर जाण्याचे धैर्य मला झाले नाही. मी पोहोचतो तेव्हा तो नुकताच गेलेला असतो, हा क्रम मला एकाएकी सोयीचा वाटू लागला. मी पुन्हा आठ वाजून दहा मिनिटांवर आलो.

४

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो. ते पंधरा दिवस माझ्या म्हातारपणातले सर्वांत सुखाचे दिवस होते.

मी दार ढकलले की खोलीतले चेहरे उजळत. शिंपी माझ्या कोटाचे अस्तर ओढून पाहून म्हणाला, "हे काय घातलंय, काढा," आणि तासाभरात नवे अस्तर लावून कोट परत आणला. सिस्टरनी माझ्यासाठी घरचे लोणी आणले. ज्यांची नावे मला ठाऊक नव्हती ती माणसे माझ्या खांद्यावर हात ठेवून जात. मी काय केले होते म्हणून? विनोद कोणी तरी सांगितले होते, विचारपूस कोणी तरी केली होती, आणि हसू माझ्या वाट्याला येत होते. हे मला अन्यायाचे वाटे. तरी सकाळ होण्याची मी वाट पाहू लागलो होतो.

एका निवांत सकाळी मी कॉफीवालीला विचारले, "मी कसा असतो?"

"कधी?"

"पहिल्यांदा येतो तेव्हा."

ती वाफेची नळी पुसत होती. "मोकळे असता. वरचं बटण उघडं. साखर दोन चमचे. आणि आल्या आल्या हाक मारता, काय गं बये, आज कोणाचं दूध उतू घालवलंस."

"मी आपणास 'काय गं' म्हणतो?"

"रोज. मला आवडतं. माझे आजोबा म्हणायचे."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा 'आपण'." ती हसली. "मला वाटतं तुम्हाला पहिल्या कपाला चढते आणि दुसऱ्याला उतरते. आणि हसता ते काय. पहिल्या दिवशी मी घाबरले, म्हटलं ठसका लागला. सिस्टर पाठीत धपका घालायला उठल्या होत्या."

मीही हसलो असतो. पण एक प्रश्न माझ्या मनात चार दिवस खुपत होता.

"काचेतून रस्ता ओलांडताना मी आपणास दिसतो का?"

"दिसता की. तुम्ही तर मोजत चालता."

"पहिल्यांदा येतो तेव्हा विचारतो आहे."

तिचा हात नळीवर थांबला. यंत्रातून वाफेचा बारीक सुस्कारा येत राहिला.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा मी गुणगुणणं ऐकते आणि दळायला लागते. मागच्या खोलीतनं येतं."

"मागच्या दाराला कुलूप असते ना?"

"असतं की." तिने फडके पिळले, उलगडले, पुन्हा पिळले. "मग मीच उघडत असेन कधीतरी. सकाळी इतकी घाई असते. लक्षात राहत नाही."

मी माझ्या तीन शक्यता काळजीपूर्वक मांडल्या होत्या. तिने तिची एकच मांडली आणि तीवर फडके टाकले. त्यानंतर आम्ही हवामानाविषयी बोललो.

५

शुक्रवारी मी आत पाऊल टाकताच ती म्हणाली, "तुमच्या मुलीचा फोन होता. रविवारी नऊला येते म्हणाली. इथेच."

मी काउंटरची कड धरली.

"तिला हा क्रमांक कोणी दिला?"

"तुम्हीच. काल सकाळी इथनं लावलात ना. मी मुद्दाम मशीन बंद ठेवलं, ऐकू यावं म्हणून. तुम्हाला ऐकू यावं म्हणून," तिने घाईने पुस्ती जोडली.

"मी काय म्हणालो?"

"असं काय करता मास्तर?"

"आपल्या तोंडून ऐकावयाचे आहे."

ती गंभीर झाली. "भिंगरी म्हणालात तिला. मग थोडं रडलात. मला कसंतरीच झालं, मी मागे गेले. परत आले तेव्हा तुम्ही म्हणत होतात, त्या पट्ट्या माझ्याकडे आहेत, ये, देतो."

भिंगरी हे तिचे लहानपणचे नाव. ती शाळेत जाऊ लागल्यावर मी ते वापरणे बंद केले. मोठ्या मुलीला ते शोभत नाही असे माझे मत होते.

आणि पट्ट्या माझ्याकडे नव्हत्या. कापलेल्या कडा मी रद्दीच्या पोत्यात भरल्या होत्या आणि पोते कागदाच्या गिरणीत गेले होते. त्या भरताना एका पट्टीवर पत्नीचे अक्षर मला दिसले होते. हात थांबला होता. परंतु अर्धे काम टाकून पोते उपसत बसणे मला कमीपणाचे वाटले. हे मी मुलीला कधी सांगितले नाही.

दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. मी नेहमीच्या वेळी गेलो तर नऊपर्यंत तेथे कोण बसलेला असेल? तिला तो हवा होता. तिने होकार दिला तो त्याला. त्याला हसता येत होते, रडता येत होते, भिंगरी म्हणता येत होते. मला कडा सरळ करता येत होत्या. न्यायाने पाहिले तर मी घरी थांबणे योग्य होते.

पण मुलगी माझी होती. भेट मला हवी होती.

६

रविवारी मी दाढी केली, कोट घातला, सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि पावणेसातला निघालो. ऊन नुकतेच रस्त्यावर उतरत होते. या वेळी मी पावले मोजली नाहीत.

कॉफीवाली दुकानाचे शटर वर सारत होती. मला पाहून तिने आधी मागच्या खोलीच्या दिशेला कान दिला, मग माझ्याकडे पाहिले.

"आज समोरनं?"

"आज समोरून."

आत गारवा होता. यंत्र तापत असल्याची कुरकुर सोडली तर आवाज नव्हता. ती खुंटीपाशी गेली, माझ्या कपात बोट फिरवले आणि म्हणाली, "कोरडा." ते तिने अशा स्वरात सांगितले की जणू कोणाचा ताप उतरला. मग विचारले, "साखर?"

"नको." मी थोडा थांबलो. "एक चमचा घाला."

मी दाराकडे तोंड करून बसलो. सात वाजले, साडेसात झाले. शिंपी आला, माझ्या तोंडाकडे आशेने पाहत उभा राहिला, आणि मी त्याला शिवणकामाविषयी एक प्रश्न विचारल्यावर "चाललंय" म्हणून दुसऱ्या टेबलावर गेला. आणखी दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि काही वेळाने मागे सारल्या. कोणी मला वाईट वागवले नाही. फक्त खोली हळूहळू माझ्यापासून लांब सरकत गेली, आणि चार वर्षे ती तेवढीच लांब होती हे मला त्या सकाळी कळले.

नऊला पाच कमी असताना मागच्या खोलीत नळ सुटल्याचा आवाज आला. कॉफीवाली माझ्यासमोर, काउंटरवर होती. तिनेही तो ऐकला. तिने दाणे दळण्याचे यंत्र चालू केले आणि गरजेपेक्षा बराच वेळ चालू ठेवले.

७

मुलगी नऊ वाजता आली. केसांत पांढरी बट दिसत होती, आणि खांद्यावरच्या पिशवीत वही होती हे तिच्या आकारावरून मी ओळखले; ती मीच बांधली होती.

"बस," मी म्हणालो. "प्रकृती कशी आहे?"

"बरी आहे."

"प्रवास ठीक झाला?"

"पूल ओलांडला फक्त, बाबा."

कॉफी आली. मला बोलायचे होते ते सर्व घशापर्यंत आले आणि तेथे रांगेत शिस्तीने उभे राहिले. मी तिला कॉफी गरम असल्याचे सांगितले. तिने मान हलवली. मग ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली. लहानपणी निघायची घाई झाली की ती असेच करी.

"फोनवर वेगळे वाटलात," ती म्हणाली.

"टेलिफोनवर आवाज बदलतो."

"हो. तसंच असेल." तिने बंद सोडला. "पट्ट्या आहेत म्हणालात."

"हात धुऊन येतो," मी म्हणालो आणि उठलो.

धुण्याच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आतून गुणगुणणे येत होते. पाने शिवताना दोऱ्याच्या ओढीबरोबर मनात आपोआप चालणारी एक धून आहे. तिला शब्द नाहीत आणि मी ती कधी ओठांबाहेर येऊ दिलेली नाही. मी दार ढकलले.

तो पाठमोरा उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हात पुसत होता. स्वतःची मान मागून कोणी पाहिलेली नसते; तरी ती मी ओळखली. माझी चाहूल लागून तो वळू लागला. प्रथम कान दिसला, मग गालाची कड, आणि ती कड हसू येताना वर उचलली जावी तशी उचलली गेली. एवढेच मी पाहिले. पुढचे पाहायचे नव्हते म्हणून मी डोळे मिटले, हे मला मान्य केले पाहिजे.

उघडले तेव्हा टॉवेल खिळ्यावर हलत होता. मागच्या दाराला कुलूप होते आणि त्यावर धूळ होती. नळाखालच्या उपड्या कपांशेजारी तपकिरी कागदाचे एक पाकीट ठेवलेले होते, बांधणीच्या मेणदोऱ्याने बांधलेले. गाठ माझ्या पद्धतीची होती.

वरच्या आरशात मी स्वतःला पाहिले. माझ्या सदऱ्याचे वरचे बटण उघडे होते. ते लावण्यासाठी हात गेला. मग मी तो खाली घेतला.

८

पाकीट मी तिच्यासमोर ठेवले, परंतु हात वरून काढला नाही.

"आधी ऐक. ह्या मी जपून ठेवल्या नव्हत्या. मी त्या पोत्यात भरल्या. भरताना तुझ्या आईचे अक्षर दिसले, तरी भरल्या. ह्या येथे कशा आल्या ते मला माहीत नाही."

"पोत्यात भरल्या ते मला माहितेय," ती म्हणाली. "पोतं नेलं तेव्हा मी दारातच होते."

"मग आलीस कशाला?"

"फोनवर तुम्ही खोटं बोललात म्हणून. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, हा माणूस कोण आहे बघून यावं."

मी हात काढला. तिने गाठ सोडली.

पट्ट्या करंगळीएवढ्या रुंदीच्या होत्या, शंभराहून अधिक. तिने पिशवीतून वही काढली, पहिले पान उघडले आणि एक पट्टी त्याच्या कडेला लावली. ती बसली नाही. दुसरी बसली. कागदाचा धागा धाग्याला असा मिळाला की सांधा दिसेना. तिने वाचले, "'भिंगरीला दात आला. ह्यांना दाखवला. म्हणाले, सरळ आहे.'"

ती माझ्याकडे पाहू लागली. मी तिच्याकडे. तिचे ओठ आधी थरथरले.

"'हे आज हसले,'" मी पुढची वाचली. "'दार लावून.'"

"'भिंगरी पाय आपटून गेली. हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. बोलले नाहीत. कळले,'" तिने वाचले, आणि मग तिला वाचवेना, कारण ती हसत होती आणि डोळे पुसत होती. आणि माझ्या छातीतून एक चमत्कारिक आवाज निघाला. ठसक्यासारखाच तो होता. शिंपी उठून उभा राहिला. कॉफीवाली काउंटरवरून ओरडली, "राहू द्या, तसेच हसतात ते," आणि अख्खे दुकान हसू लागले.

आम्ही तासभर पाने जुळवली. मी तिला भिंगरी म्हणालो. तीन वेळा म्हणालो. त्या तासात मी जितका आनंदात होतो तितका मी कधी असल्याचे मला आठवत नाही, आणि माझी स्मृती ठणठणीत आहे.

९

"चला बाबा," ती म्हणाली. "घरी चला. उरलेल्या तिकडे लावू."

"चल गं," मी म्हणालो.

खुर्ची मागे सरल्याचा आवाज झाला. तिने पट्ट्या पाकिटात भरल्या आणि पाकीट त्याच्या हाती दिले. तो तिच्या शेजारी उभा होता, वरचे बटण उघडे, कोट हातावर टाकलेला. शिंपी त्याला काही म्हणाला, आणि त्याने जे उत्तर दिले त्यावर शिंपी टेबलावर डोके टेकून हसला. मला ते नीट ऐकू आले नाही. दार उघडले, बाहेरचे ऊन जमिनीवर आले आणि दाराबरोबर गेले.

मी बसलेला होतो. उठलो होतो, हे मला पक्के आठवत होते.

काचेतून ते दोघे दिसत होते. रस्त्याच्या कडेला ती थांबली, तिने त्याचा दंड धरला, आणि गाडी जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. ती त्याला काही सांगत होती. तो खाली वाकून ऐकत होता. मग ते पुलाच्या दिशेने चालू लागले, एकमेकांची पावले न जुळवता, आणि तिचे हसणे काचेतून आत आले. सहा वर्षे मला तेच हवे होते.

घाबरण्यासारखे होते. मी घाबरण्याची वाट पाहिली. त्याऐवजी मघाचाच आनंद तेथे होता, जरासुद्धा न उणावलेला, आणि तो कोणाचा हे तपासून पाहावे असे मला वाटले नाही.

कॉफीवाली फडके घेऊन आली. तिने दोन्ही कप उचलले, टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसले. माझे हात टेबलावर होते. फडके त्यांच्यावरून गेले, आणि लाकूड ओले होऊन चमकले.

रविवारची गर्दी वाढली होती. सिस्टर आत आल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून इकडे तिकडे पाहू लागल्या.

"इथे या सिस्टर," कॉफीवालीने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ही जागा रिकामी झालीय."

सिस्टर माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत, आणि त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. मी उठून उभा राहिलो.